आखाडातला मोठा पंख

आखाड लागला की आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या आमच्या गच्चीवर एकेका कपड्याला चार-चार चिमटे लावावे लागतात. पाऊस आठ दिवस पडून मधेच दडी मारतो, कपाशी वीतभर वर आलेली असते, आणि अशा वेळी तो वारा सुटतो. सकाळी नवाच्या सुमारास सुरू झालेला, दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. टाकीचं झाकण खडखडतं. हायवेवरून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या ताडपत्र्या फुगून फाटफाट वाजतात, तो आवाज थेट देवघरापर्यंत येतो.

माझा जन्म जमिनी मोजण्यात गेला. उभ्या पिकात साखळी टाकता येत नाही, म्हणून आखाड आमचा बसून राहण्याचा महिना. कचेरीत जुने नकाशे उलगडायचे, टिपणं जुळवायची, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर चहाचे कप ठेवायचे. मला तो महिना आवडायचा. आता नोकरी संपली, आणि गेली दोन वर्षं हा वारा सुटला की मी घरातल्या घरात जागा बदलत राहतो. पुढच्या खोलीतून मागच्या, मागच्यातून ओसरीवर. सुनंदा, माझी बायको, विचारते, "काय शोधून राह्यले?" मी म्हणतो, काही नाही. ती पुन्हा विचारत नाही.

याच वाऱ्यासाठी दोन वर्षांपूर्वी आमची रेवती आली होती. एकुलती एक, तेव्हा चोवीस वर्षांची, तमिळनाडूच्या समुद्रकाठच्या एका गावात नोकरीला. एकदा फोनवर बोलताना तिला मागे गच्चीवरचा फडफडाट ऐकू आला. "बाबा, हा वारा रोज असते?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "महिनाभर." आठ दिवसांत ती दोन लांबलचक पिशव्या घेऊन दारात उभी.

पिशव्यांत होतं ते असं: एक जाड, आखूड फळी. फळीच्या पोटाला स्क्रूनं बसवायचा उभा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखी दोन आडवी पाती, एक मोठं, एक धाकटं. हा सांगाडा पाण्याखाली राहतो. वर, हातात धरायला, पंपानं हवा भरून फुगवायचा कापडी पंख. वारा पंखाला ओढतो, फळी सरकते, वेग आला की पाण्याखालची पाती फळीलाच उचलून धरतात आणि माणूस पाण्याच्या हातभर वरून, कुठेही न टेकता निघून जातो. तिच्या भाषेत विंग फॉइलिंग. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पडली तं?"

"पडतेच ना आई. दिवसातून पन्नासदा पडते. पाणीच हाय खाली."

हे ऐकून सुनंदा तिथून उठून गेली, ते मला आठवतं. तेव्हा मी हसलो होतो.

रविवारी आम्ही बापलेक निघालो. इचोड्याला धाब्यावर चहा घेतला. ट्रकवाले आमच्या गाडीच्या टपावर बांधलेली फळी न्याहाळत होते. एकानं हिंदीत विचारलंही की हे दार कुठल्या घराचं. पुढे हायवे सोडून बोथ गावाकडे वळलो. दोन्ही बाजूंना ओली काळी जमीन, सोयाबीनची कोवळी पानं वाऱ्यानं उलटी होऊन पांढरी दिसणारी, आणि समोर सागाचे डोंगर. त्या डोंगरांच्या कुशीत एक लहान धरण आहे. आमच्या दफ्तरात त्याच्या पोटातल्या जमिनीला 'शिकम' म्हणतात, निजामाच्या काळापासूनचा शब्द. शिकम म्हणजे पोट. पाणी उतरलं की लोक तिथं भाजीपाला लावतात, पाणी चढलं की तीच जमीन दिसेनाशी होते. कागदावर मात्र ती कायम असते. या गोष्टीचं मला नेहमी अप्रूप वाटे. त्या दिवशी काठावर उभं राहून मी रेवतीला हात करून सांगितलं, "इथून तिथपर्यंत सगळं खोल हाय. बिनधास्त जाय." मी नकाशातून बोलत होतो. पाण्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं.

तिला त्या दिवशी सामानाची परीक्षा करायची होती. समुद्राचा वारा सरळ येतो म्हणे. डोंगरातला कसा येतो, त्याला कुठलं सामान लागतं, ते तिला पाहायचं होतं. पंख दोन होते. ते कापडाच्या क्षेत्रफळानं, चौरस मीटरवर ओळखतात: एक चार मीटरचा, एक साडेपाच मीटरचा. मोठा पंख मंद वाऱ्यातही ओढतो, पण वारा वाढला की हाताला ऐकत नाही. दांडेही दोन, एक कमरेइतका लांब, एक मांडीइतका. लांब दांड्यावर माणूस उंच आणि डौलात जातो, पण त्याला खोल पाणी हवं. हे सगळं तिनं मला समजावून सांगितलं आणि हातात वही दिली. कोणतं जोडून किती वेळ तरंगली, वारा कसा होता, हे मी लिहायचं. मोजणीच्या माणसाला आणखी काय पाहिजे! तासाभरात मी त्या विषयातला जाणकार असल्यासारखा बोलू लागलो होतो.

सकाळी वारा बेताचा होता. तिनं मोठा पंख नि लांब दांडा घेतला. छातीपर्यंत पाण्यात जाऊन ती गुडघ्यांवर फळीवर चढली, पंख डोक्यावर धरला, उठून उभी राहिली, पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. पाचव्या का सहाव्या वेळी फळीखालचा खळखळाट एकदम बंद झाला. त्या शांततेनं मी वहीतून वर पाहिलं. माझी पोरगी पाण्याच्या वरून चालली होती. मागे फेस नाही, लाट नाही, नुसती एक बारीक रेघ उमटत होती. काठावरचे बगळे उडाले आणि तिच्या विरुद्ध दिशेनं गेले. मला आनंद झाला का? झाला असावा. पण आठवतं ते वेगळंच. वाटलं, हिला आता हाक मारली तर ऐकू जाणार नाही.

दुपारी वारा पडला. आम्ही मोहाच्या झाडाखाली भाकरी, ठेचा नि अंबाडीची भाजी सोडून बसलो होतो, तेव्हा पोशन्ना आला. धरणावर मासे धरणारा, पन्नाशीचा, हडकुळा माणूस. थर्माकोलचे ठोकळे पोत्यात भरून, बांबूला बांधून केलेला त्याचा तराफा काठाला लागलेला होता. घरात तेलुगू, बाजारात मराठी, असं त्याचं बोलणं. तो बराच वेळ फळी उलटी करून दांडा पाहत राहिला. मग रेवतीला म्हणाला, "बाई, हे इतकं लंबं खाली जाते?"

"हो मामा."

"मंग तिकडं नोको जाऊ. यंदा पानी कमी हाय. सागाची खुटं हायेत खाली. धरन झालं तवा झाडं कापली, खुटं तशीच ठिवली. वरून दिसत नाईत."

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नकाशात तिथं—" आणि थांबलो. तिनं पाना काढला, लांब दांडा सोडवला आणि आखूड दांडा बसवायला घेतला. एक स्क्रू गवतात पडला. तो शोधायला तिघांनाही वाकावं लागलं.

जाताना पोशन्नानं डोंगराकडे पाहिलं. "गाली बराबर नाई, सायेब," तो म्हणाला. तेलुगूत गाली म्हणजे वारा. मला वाटलं, वारा पडलाय म्हणून म्हणतोय.

तीनच्या सुमारास थोडी झुळूक आली, गेली. पुन्हा आली ती दुसऱ्याच बाजूनं. डोंगरामागे आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं, पण आमच्या डोक्यावर ऊन होतं, त्यामुळे ते लांबचं वाटलं. धरणाचं पाणी तव्यासारखं सपाट. एकही बगळा नव्हता. पलीकडे कोणाचे तरी बैल सोबत्यांसारखे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. रेवतीनं दोन्ही पंख गवतावर मांडले, दोन्हींत हवा भरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, कोणता घेऊ? मला चारचा घ्यावासा वाटून राह्यला. हे आभाळ काही बरं नाही दिसत."

"काऊन? वारा कुठं हाय? चारच्यानं तू उठनारच नाही. मोठा घे."

आता खरं सांगतो. वाऱ्याचा मी काही विचार केला नव्हता. सकाळी ती तरंगली तेव्हाचा व्हिडिओ माझ्या बोटामुळे अर्धा काळा आला होता. यवतमाळला माझी बहीण, तिचा गोतावळा, सगळे व्हिडिओची वाट पाहत होते. मोठ्या निळ्या पंखाखाली उंच गेलेली माझी रेवती मला एकदा नीट टिपायची होती. तिनं पुन्हा एकदा आभाळाकडे पाहिलं. मग "बरं," म्हणाली नि मोठा पंख मनगटाला बांधला.

ती दूर गेली, वळली, उठली. मी फोन डोळ्यांसमोर धरला होता, म्हणून मला ते आधी काचेत दिसलं. पलीकडच्या काठापासून पाण्यावर एक काळी पट्टी निघाली आणि आमच्याकडे येऊ लागली. पट्टीच्या पुढचं पाणी चकाकत होतं, मागचं उकळल्यासारखं. मी फोन खाली घेतला. गालाला एकदम गार हवा लागली, मातीचा वास आला, आणि गवतावरचा चारचा पंख उठून माझ्या डोक्यावरून मोहाच्या फांद्यांत जाऊन अडकला.

रेवतीला त्या वाऱ्यानं फळीवरून उचललं. खरोखर उचललं, तिचे पाय मी हवेत पाहिले. मग ती पडली. पंख तिला ओढत, उलटापालटा होत पलीकडच्या खुंटांकडे घेऊन निघाला. दोनदा तिचं केशरी जाकीट दिसलं. मग सरी आडव्या आल्या आणि धरण दिसेनासं झालं.

मला पोहता येत नाही. पोशन्ना काठानं थोडा पुढेच होता, मी त्याच्याकडे धावलो. तो तराफा धरून काठाशी उकिडवा बसला होता.

"चल! काढ तराफा! पोरगी गेली माझी!"

"थांबा सायेब."

"थांबा काय? बसला काय असा?"

"आता गेलो तं तराफा उलटंल. गाली कमी होऊ द्या."

मी त्याला जे बोललो ते लिहायला हात धजत नाही. मी कोण आहे ते सांगितलं. कचेरीचं नाव घेतलं. उद्यापासून या पाण्यात पाय ठेवू देणार नाही, म्हणालो. शिकमात त्याच्या बायकोनं वांगी लावल्याचं तो दुपारी बोलला होता, ती उपटून टाकीन, म्हणालो. आईवरून शिव्या दिल्या. तीस वर्षांत मी चपराश्याला अरेतुरे केलं नव्हतं. तो सगळा सभ्यपणा त्या काठावर एका दमात वाहून गेला. पोशन्नानं माझ्याकडे मान वळवली नाही. त्याची नजर पाण्यावर होती आणि ओठ हलत होते. तो मोजत होता का काही पुटपुटत होता, कळलं नाही. मी त्याचा खांदा धरून हलवला तेव्हाही त्यानं हात सोडवून घेतला नाही. तसाच बसून राहिला.

किती वेळ गेला? रेवती म्हणते, पंधरा मिनिटं. माझ्या हातात घड्याळ होतं, पण मी पाहिलं नाही.

मग एकाएकी तो उठला. मला तर वारा तितकाच वाटत होता. त्यानं तराफा ढकलला, पोटावर झोपला आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत पावसात शिरला. मी एकटा उरलो. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला तिचं वाक्य ऐकू आलं: मला चारचा घ्यावासा वाटून राह्यला.

ती सापडली एका खुंटाला मिठी मारून बसलेली. पाण्याबाहेर फक्त डोकं नि एक हात. तिनं मनगटाचा पट्टा सोडून पंख वाऱ्यावर टाकून दिला होता, म्हणून ती थांबली. फळी पायाला बांधलेली होती. ती लाटेवर उलटून पातं पोटरीत घुसलं होतं. पोशन्नानं आपला रुमाल तिच्या पायाला आवळला आणि तिला तराफ्यावर घेऊन तो पाण्यात उतरला, ढकलत आला. काठाला लागल्यावर ती आधी मला म्हणाली, "बाबा, घाबरू नका." तिचे ओठ निळे होते. नंतर म्हणाली, "आखूड दांडा होता म्हणून. लांबवाला असता तं आधीच्याच खुंटाला धडकून मी डोक्यावर पडली असती." पोशन्नानं ते ऐकलं. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

मी तिला गाडीत घातलं आणि निघालो. त्या माणसाला दोन शब्दही बोललो नाही. आरशात तो पाऊस अंगावर घेत उभा दिसला.

आदिलाबादच्या दवाखान्यात अठरा टाके पडले. सुनंदा पदरानं रेवतीचे केस पुसत होती. "पण इतका मोठा पंख घेतला काऊन? आभाळ दिसत नव्हतं का?"

"चुकलं आई. मीच घेतला," रेवती म्हणाली.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडायला तेवढी एकच घटका होती. नर्स आली, सलाईन बदललं, आणि ती घटका गेली.

पोटरीवर आता एक लांब, फिकट व्रण आहे. चार महिन्यांत ती चालू लागली, आणि सहाव्या महिन्यात समुद्रावर परत गेली. कळवलंही नाही, मागाहून फोटो आला. गेल्या दोन वर्षांत मी हवामानाचे नकाशे वाचायला शिकलो आहे. तिच्या गावावर ढगांचा लाल डाग दिसला की फोन करतो आणि "जेवलीस का" एवढंच विचारतो. प्रत्येक वेळी फोन ठेवताना ती म्हणते, "पोशन्नामामांना भेटले का?" मी म्हणतो, जाईन. मागच्या दिवाळीला, संक्रांतीला, अक्षय्य तृतीयेला, जाईन. माणसाची माफी मागायला तीस-पस्तीस किलोमीटर इतके लांब असतात.

या वर्षी आखाडाच्या चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "शनिवारी येऊन राह्यली. सामान घेऊन. तेच धरण, बाबा. या वेळी मले तो वारा नीट समजून घ्यायचा हाय." मी नाही म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि एकटाच गेलो.

पोशन्ना काठावर जाळं सोडवत बसला होता. अंगानं आणखी वाळला होता. त्यानं ओळखलं, पोत्यावर जागा केली. "बाईचा पाय कसा हाय?"

"बरा हाय. शनिवारी येते."

"येऊ द्या. यंदा पानी जास्त हाय."

मी जाळ्याचं एक टोक हातात घेतलं. मग म्हणालो, "पोशन्ना, त्या दिवशी मी तुले जे बोललो—"

"मानूस वरडते, सायेब. भेव वाटलं की वरडते."

"नाही. ते नाही फक्त. तो मोठा पंख मीच घ्यायला लावला होता तिले. ती लहानच घेत होती. मी घरी सांगितलं नाही. कुणालेच सांगितलं नाही."

त्याचे हात थांबले. पाण्यावरून वारा येत होता. जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटत होत्या. तो बोलला तेव्हा माझ्याशी नव्हे, जाळ्याशी बोलल्यासारखं बोलला.

"माझा तम्मुडू होता. लहाना भाऊ, राजन्ना. अशीच गाली आली होती, जाळं वाहून चाललं होतं. नवं जाळं. तो म्हने, थांबू दादा. कोनीतरी काठावरून वरडलं त्याच्यावर. लय वरडलं. भेकड म्हनलं. गेला मंग तो."

"सापडला?"

"तिसऱ्या दिशी. खुटात."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "कोण ओरडलं होतं?"

"मीच," पोशन्ना म्हणाला. आणि पुन्हा गाठ सोडवू लागला.

परतताना इचोड्याला थांबलो नाही. घरी आलो तेव्हा सुनंदा ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. व्हिडिओचं, यवतमाळचं, रेवतीनं माझ्यासाठी बोललेल्या खोट्याचं, राजन्नाचं. संपल्यावर तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला.

"शनिवारी तिले येऊ द्या," ती म्हणाली. "जाऊ द्या पान्यावर. ती काही ऐकनार नाही, अन् मी अडवनार नाही. पन काठावर या वेळी मी उभी राहीन. तुमी घरी थांबा."

मी "बरं" म्हणालो. गच्चीवर एक चिमटा तुटल्याचा आवाज आला, आमचंच धुणं कठड्यावरून खाली घसरत होतं, आणि शनिवारला अजून दोन दिवस होते.